दुसरा आणि चौथा शनिवार

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानं नवरा-बायकोचं नातं संपतं, आई-वडिलांचं मुलाशी असलेलं नातं संपत नाही. कागदावर दोघंही पूर्वीइतकेच पालक राहतात. मग प्रत्यक्षात मूल एकाच्या घरी राहतं आणि दुसऱ्याच्या वाट्याला महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, एवढंच का येतं? नातेवाइकांत याची दोन उत्तरं तयार असतात. एक, कोर्ट बायकांच्याच बाजूनं असतं. दुसरं, ज्याचा वकील तगडा त्याला मूल मिळतं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण यंत्रणा कशी चालते हे त्यांतून कळत नाही. सगळं भांडण ‘ताबा कोणाला’ या प्रश्नाभोवती होतं. मुलाची पुढची दहा-बारा वर्षं मात्र बहुतेकदा दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरतात: पहिला तात्पुरता आदेश किती लवकर झाला, आणि त्यात किती बारकाईनं लिहिलं गेलं.

एकाच नावाखाली तीन गोष्टी

बोलताना आपण सगळ्याला ‘कस्टडी’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीनं मात्र पालकत्व, ताबा आणि भेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीनं निर्णय घेण्याचा अधिकार: त्याच्या नावावरची मालमत्ता, मोठी शस्त्रक्रिया, पासपोर्टचा अर्ज. ताबा म्हणजे मूल रोज कोणाच्या घरी झोपतं आणि कोणाच्या घरून शाळेत जातं. भेट, म्हणजे कोर्टाच्या आवारातला ‘ॲक्सेस’, ही ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मिळणारी ठरलेली वेळ. ताबा गमावलेला बाप किंवा आई पालक म्हणून बाद होत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. निकाल विरुद्ध गेला की ‘मूल गेलं’ असं समजून काही जण शाळेत प्रगतिपुस्तक मागायलाही जात नाहीत.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 सालचा. त्याच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असा क्रम आहे. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची धार बोथट केली. मुलाच्या नावानं रोखे घेण्यासाठी आईनं रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला होता आणि बँकेनं वडिलांची सही मागितली होती. त्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की वडील हयात असले तरी ते मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते. त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं, असंही लिहिलं आहे. म्हणजे एकाच कलमात वडिलांना पहिला मान आहे आणि तान्ह्या मुलासाठी आईला पहिली पसंती आहे. कायदा झाला त्या काळाची छाप त्यावर स्पष्ट दिसते.

न्यायालयात शिरायचे दरवाजेही वेगवेगळे आहेत. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली, आणि विशेष विवाह कायद्यानं लग्न झालं असेल तर कलम 38 खाली अर्ज करता येतो. दावा नसेल तर 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे. तो सर्वधर्मीयांना लागू होतो आणि त्याखालचा अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथं राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे असतात, पण तिथंही शेवटी न्यायालय मुलाचं हितच पाहतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीत दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात. मूल अचानक उचलून नेलं असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. मुंबई-पुण्यात 1989 पासून कौटुंबिक न्यायालयं आहेत. जिथं ती नाहीत तिथं हीच कामं जिल्हा न्यायालयाकडे जातात.

‘हित’ मोजतात कशानं?

दरवाजा कुठलाही असो, आत गेल्यावर कसोटी एकच असते: मुलाचं हित सर्वोच्च. 1956 च्या कायद्याचं कलम 13 हेच सांगतं. मुलं म्हणजे आई-वडिलांची जंगम मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्येच बजावलं होतं. तत्त्व चांगलं आहे. अडचण अशी की हित हे वजन किंवा उंचीसारखं मोजता येत नाही. 1890 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये न्यायाधीशानं काय पाहावं ते दिलं आहे: मुलाचं वय, लिंग आणि धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, आणि मूल समजून-उमजून सांगण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छा. त्यातली कुठली बाब किती तोलाची, हे मात्र कायदा सांगत नाही. ते न्यायाधीशावर सोडलेलं आहे.

पगार जास्त म्हणून ताबा, असा नियम नाही. पैशाची तफावत पोटगीनं भरून काढता येते. दुसऱ्या लग्नामुळे ताबा आपोआप जात नाही. नोकरी करणारी आई वेळ देऊ शकत नाही हा युक्तिवाद अजूनही होतो, पण नोकरी करणाऱ्या बापाला तोच प्रश्न विचारला की हा युक्तिवाद बहुधा गारठतो. आई-वडिलांतला दोष आणि पालक म्हणून असलेली लायकी या वेगळ्या बाबी आहेत. वाईट नवरा चांगला बाप असू शकतो, आणि घर सोडून गेलेली बायको चांगली आई असू शकते. पाच वर्षांखालच्या मुलाबाबत 2015 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की इतक्या लहान वयात आई योग्य आहे असं गृहीत धरून चालायचं आणि ती अयोग्य आहे हे दाखवण्याचं ओझं वडिलांवर असतं. ‘कोर्ट बायकांच्याच बाजूनं’ या समजुतीचा उगम इथं आहे. पण ही पसंती पाच वर्षांपर्यंतचीच आहे. पुढं दोघंही एकाच पायरीवर असतात, निदान कायद्यात तरी.

मुलाची इच्छा विचारण्याची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. न्यायाधीश मुलाला उघड्या कोर्टात उभं करत नाहीत. दालनात बोलावतात, आई-वडील आणि वकील बाहेर राहतात, कधी समुपदेशक सोबत असतात. ‘तुला कोण आवडतं?’ हा प्रश्न जाणता न्यायाधीश टाळतो. तो विचारतो, सकाळी डबा कोण भरतं, गृहपाठ अडला की कोणाला विचारतोस, रात्री भीती वाटली तर कोणाजवळ जातोस. उत्तरांपेक्षा भाषा जास्त सांगते. सहा वर्षांचं मूल ‘पप्पा मेंटेनन्स देत नाहीत’ किंवा ‘मम्मीनं खोटी केस केलीय’ असं बोलू लागलं, की वाक्य कोणाचं आहे ते लपत नाही. त्यामुळे मुलाचं म्हणणं ऐकलं जातं, पण ते शेवटचा शब्द नसतं. आणि ते बरंच आहे. निवड मुलावर सोडली तर एका पालकाला नाकारल्याचं ओझं त्याला आयुष्यभर वाहावं लागेल.

पहिला आदेश आणि घड्याळ

आता मूळ कोड्याकडे वळू. समजा, चार वर्षांच्या मुलाला घेऊन आई माहेरी गेली, किंवा सासरच्यांनी तिला बाहेर काढून मूल ठेवून घेतलं. दुसरी बाजू अर्ज करते. नोटीस बजावायला वेळ जातो, लेखी उत्तराला मुदत मागितली जाते, मग समुपदेशकाकडच्या बैठका, मग तारखा. एव्हाना मूल नव्या बालवाडीत रमलेलं असतं, त्याला शेजारी मित्र मिळालेले असतात, झोपायची-उठायची वेळ ठरलेली असते. न्यायाधीशासमोर शेवटी प्रश्न येतो की मुलाला कमीत कमी धक्का कशानं बसेल? जिथं आहे तिथंच ठेवल्यानं, हे उत्तर कायद्याला आणि मानसशास्त्राला दोन्हींना पटतं. पण ते उत्तर पुराव्यानं तयार झालेलं नसतं, विलंबानं तयार झालेलं असतं.

यात कोणाचा कट असायची गरज नाही. स्थैर्य हा मुलाच्या हिताचा खरा भाग आहे, म्हणूनच ज्याच्याकडे पहिल्या दिवशी मूल असतं त्याचं पारडं दर महिन्याला जड होत जातं. हे वकिलांना पक्कं माहीत असतं. त्यातून दोन वाईट सवयी पडतात: विभक्त होताना आधी मूल हाताशी घ्यायचं, आणि मग तारखा वाढवायच्या. अधिक चांगला पालक कोण हे शोधायला चालवलेली लांबलचक लढाई मुलाचंच नुकसान करते, असा युक्तिवाद नॉर्वेचे विचारवंत यॉन एल्स्टर यांनी 1987 च्या एका निबंधात केला होता. आपल्याकडच्या कोर्टाच्या फायली वाचल्यासारखा तो वाटतो.

यावर रास्त आक्षेप असा की घाईत दिलेला आदेश चुकीचा ठरू शकतो. खरं आहे. म्हणून तात्पुरता ताबा आणि तात्पुरती भेट यांत फरक करायला हवा. ताबा हलवणं हा मोठा निर्णय आहे, त्याला पुरावा लागतो. पण अर्ज आल्यापासून काही आठवड्यांत समुपदेशकाच्या नजरेखाली दोन तासांची भेट सुरू करणं, ही चूक निघालीच तर पुढच्या तारखेला दुरुस्त करता येण्याजोगी चूक आहे. तीन वर्षांच्या मुलाची बापाशी किंवा आईशी आठ महिने गाठच पडली नाही, तर ती दुरुस्ती इतकी सोपी राहत नाही. इतक्या काळानं भेटलेला माणूस त्या वयात अनोळखी झालेला असतो. मूल रडतं, आणि ते रडणं ‘बघा, त्याला जायचंच नाही’ म्हणून पुरावा होऊन फायलीत बसतं. कौटुंबिक न्यायालयांत एप्रिलमध्ये सुट्टीतल्या भेटींच्या अर्जांची झुंबड उडते, कारण मे महिन्यात शाळांबरोबर कोर्टालाही सुट्टी असते. त्या आधी आदेश झाला नाही तर त्या वर्षीची उन्हाळी सुट्टी गेली, आणि लहानपणात अशा सुट्ट्या मोजक्याच असतात.

आदेशातली बारीक अक्षरं

‘प्रतिवादीस सोयीच्या वेळी मुलाला भेटण्याची मुभा राहील.’ अशा धाटणीचं वाक्य आदेशांत आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या करारांत सर्रास असतं. ऐकायला सभ्य आहे. पण सोय कोणाची? मुलाला शनिवारी क्लास आहे, आजीकडे सत्यनारायण आहे, ताप आहे, परवा युनिट टेस्ट आहे. प्रत्येक कारण खरं असू शकतं आणि प्रत्येक कारण सबबही असू शकतं. ते ठरवण्यासाठी दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि बोलता येत नाही म्हणून तर ते वेगळे झाले. म्हणजे मोघम आदेश नेमकं तेच काम त्यांच्यावर सोपवतो जे त्यांना जमत नाही.

याउलट काटेकोर आदेश कसा असतो ते पाहा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहाला वडील सोसायटीच्या फाटकाशी येतील, वर येणार नाहीत. मुलाला आई किंवा आजोबा खाली आणतील. अर्धा तास वाट पाहूनही वडील आले नाहीत तर त्या दिवशीची भेट रद्द. मूल आजारी असेल तर आदल्या रात्री आठच्या आत मेसेज, सोबत डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो, आणि बुडालेला दिवस पुढच्या शनिवारी भरून द्यायचा. रविवारी संध्याकाळी सहाला त्याच फाटकाशी परत, दप्तर आणि सोमवारचा गृहपाठ पुरा करून. दर बुधवारी साडेसातला पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्या वेळी मूल खोलीत एकटं असेल. गणपतीचे पहिले दोन दिवस सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, पहिला भाग कोणाचा ते आळीपाळीनं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांचेही नंबर. पासपोर्ट कोणाकडे आणि परदेशी नेण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचं, तेही.

कोकण रेल्वेचा मार्ग बऱ्याच अंतरावर एकेरी आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला कुठल्या तरी स्थानकात बाजूच्या रुळावर थांबावंच लागतं. ते दोन गाड्यांच्या चालकांच्या मैत्रीवर सोडलेलं नसतं. कुठल्या स्थानकात, कोण थांबणार, सिग्नल कधी पडणार, हे आधी ठरलेलं असतं, म्हणून एकमेकांचं तोंड न पाहताही दोघं सुखरूप पार होतात. मूल हा विभक्त आई-वडिलांमधला तसा एकेरी मार्ग आहे. एका वेळी एकाकडेच असू शकणारं.

इतकं लिहून घेतलं तर मायेचं वेळापत्रक होईल, असं काहींना वाटतं. ज्या आई-वडिलांचं जुळतं त्यांना कोणी आदेशाला चिकटून राहायला सांगत नाही. शनिवारऐवजी रविवार चालेल का, एवढा मेसेज केला की झालं. आदेश वाचायची वेळ येते ती जुळत नाही तेव्हा, आणि त्या वेळी मोघम वाक्य दोघांनाही वकिलाच्या दारात नेऊन उभं करतं.

> चौकट: करारावर सही करण्यापूर्वी
>
> परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘कन्सेंट टर्म्स’ आई-वडीलच ठरवतात आणि न्यायालय त्यांवर शिक्कामोर्तब करतं. घाई इथंच नडते. मूल कुठं सुपूर्द करायचं ती जागा, उशिराची सवलत, आजारपणात बुडालेल्या दिवसाची भरपाई, सणांची आळीपाळी, शाळा आणि डॉक्टरकडून माहिती मिळण्याचा दोघांचा हक्क, शहर बदलायचं झालं तर किती आधी कळवायचं, हे लिहिलेलं आहे का ते पाहावं. ‘पोटगी सोडते, मूल मला दे’ हा सौदा कागदावर आला तरी मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा असतो. आईनं सोडला म्हणून तो संपत नाही.

मग सरळ निम्मं-निम्मं का नाही?

दोघं समान पालक आहेत तर वेळही समान वाटून द्या, ही मागणी वडिलांच्या संघटना जोरानं करतात. ती उडवून लावण्यासारखी नाही. विधी आयोगानं मे 2015 मध्ये आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची सोय कायद्यात करावी, पालकत्वाचे आराखडे लिहून घ्यावेत आणि 1956 च्या कायद्यातला वडिलांचा पहिला मान काढावा, अशा शिफारशी केल्या. अमेरिकी संशोधक रॉबर्ट बॉसरमन यांनी 2002 मध्ये 33 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संयुक्त ताब्यातली मुलं एकाच पालकाकडे राहणाऱ्या मुलांपेक्षा सरासरीनं बरी असल्याचं आढळलं. पण ज्यांचं आपसांत बरं जमतं ते आई-वडीलच संयुक्त ताबा घेण्याची शक्यता जास्त. म्हणजे मुलं बरी आहेत ती वाटणीमुळे की आई-वडिलांच्या समजूतदारपणामुळे, हे सरासरीवरून सांगणं अवघड आहे. कॅलिफोर्नियातल्या किशोरवयीन मुलांवरच्या 1991 च्या एका अभ्यासात याचा धागा मिळतो. दोन घरांत राहणारी मुलं, आई-वडिलांत कडवट भांडण असेल तेव्हा ‘आपण दोघांच्या कात्रीत सापडलो’ असं फार तीव्रतेनं सांगत होती. सहकार्य असेल तेव्हा तीच व्यवस्था त्यांना मानवत होती. कोर्टात वर्षानुवर्षं लढणारे पालक पहिल्या गटात मोडतात, हे उघडच आहे.

तासांच्या संख्येचाही फार बाऊ होतो. पॉल अमाटो आणि जोन गिलब्रेथ या संशोधकांनी 1999 मध्ये वेगळं राहणाऱ्या वडिलांवरचे 63 अभ्यास तपासले. वडील किती वेळा भेटतात याचा मुलांच्या प्रगतीशी फारसा संबंध दिसला नाही. ते नियमित पैसे देतात का, मुलाशी जवळीक आहे का, अभ्यासात लक्ष घालून प्रेमानं पण शिस्तीनं वागवतात का, याचा मात्र दिसला. यातून भेटी कमी केल्या तरी चालेल असा अर्थ काढणं चुकीचं होईल. सहा तासांत जवळीक आणि गृहपाठ दोन्ही कसे बसवणार? मॉलमधल्या शनिवारी बाप फक्त आइस्क्रीम घेऊन देणारा माणूस होतो. म्हणूनच रात्रीचा मुक्काम, आठवड्यातला एखादा शाळेचा दिवस, दवाखान्याची एखादी फेरी असा साधा रोजचा वेळ भेटीत यायला हवा. पूर्ण निम्मा वेळ आला नाही तरी चालेल, पण रोजच्या जगण्याचा तुकडा यायला हवा.

निम्म्या वाटणीचा धडा 2025 मधल्या केरळच्या एका प्रकरणात चांगला दिसतो. वडील सिंगापूरला नोकरीला होते. उच्च न्यायालयानं त्यांना दर महिन्याचे पंधरा दिवस दिले, त्यासाठी त्यांनी तिरुवनंतपुरममध्ये घर भाड्यानं घेतलं आणि ते ये-जा करू लागले. बापाची ओढ खरी होती, हे सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं. पण आठ वर्षांच्या मुलीशी बोलल्यावर कळलं की त्या पंधरा दिवसांत ती बाहेरच्याच खाण्यावर असते, घरचं एक जेवण नाही, आणि वडिलांखेरीज सोबतीला कोणी नाही. आईकडे धाकटा भाऊ आणि आजी-आजोबा होते. न्यायालयानं पंधरा दिवस काढून आलटून-पालटून शनिवार-रविवार आणि व्हिडिओ कॉल असं ठरवून दिलं. वडिलांवर अन्याय झाला, असं म्हणता येईल. पण पंधरा-पंधरा दिवसांचा हिशोब दोन प्रौढांमध्ये बरोबर होता आणि मुलीच्या ताटात चुकत होता. मुंबईत एक घर बोरिवलीला आणि दुसरं डोंबिवलीला असेल, तर निम्मा महिना शाळेचं अंतर कोण कापणार, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

ऑस्ट्रेलियानं 2006 मध्ये पालकत्वाची जबाबदारी दोघांवर समान असल्याचं कायद्यातच गृहीत धरलं. लोकांनी त्याचा अर्थ समान वेळ असा घेतला आणि करार त्या गैरसमजावर होऊ लागले. अखेर 2023 मध्ये दुरुस्ती करून, मे 2024 पासून, ते गृहीतक काढून टाकावं लागलं. गृहीतक लावलं की न्यायाधीशाचं काम सोपं होतं. मुलाचं सोपं होतंच असं नाही.

जिथं भेटच धोक्याची असते

वरचं सगळं दोन सर्वसाधारण, फक्त एकमेकांशी न पटणाऱ्या पालकांना लागू आहे. मारझोड, व्यसन, लैंगिक अत्याचाराची भीती असेल तिथं गणित बदलतं. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 चं कलम 21 दंडाधिकाऱ्यांना सांगतं की भेट मुलाला घातक ठरेल असं वाटलं तर ती नाकारावी. मधला मार्ग म्हणजे देखरेखीखालची भेट: न्यायालयाच्या आवारातली मुलांची खोली, समोर समुपदेशक, कोपऱ्यात खेळणी. जागा फारशी आनंदाची नसते, पण सुरक्षित असते आणि तिथल्या नोंदींवर पुढचा निर्णय घेता येतो.

याच्या उलट टोकाला आरोप असतो ‘मूल माझ्याविरुद्ध भडकवलं’ असा. सर्वोच्च न्यायालयानं 2017 च्या एका निकालात त्याची गंभीर दखल घेतली. मात्र 2024 मध्ये सावधही केलं: भडकवल्याची ठोस उदाहरणं दाखवल्याशिवाय कोणावर हा शिक्का मारू नये. मूल एका पालकाला टाळतं याला भडकवणं हे एक कारण असू शकतं, आणि त्या पालकाचं वागणं हेही असू शकतं. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून तपासणं कंटाळवाणं आहे. आरोप करणारे वकील त्यासाठी थांबत नाहीत.

आदेश मोडला तर

भेट नाकारली गेली तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, अवमानाची कारवाई होऊ शकते, बुडालेले दिवस भरून मागता येतात, आणि अडवणूक सातत्याची असेल तर ताब्याचाच फेरविचार होऊ शकतो. पोलीस पाठवून रडतं मूल ओढून आणायला कोणताही न्यायाधीश धजावत नाही, आणि धजावू नये. म्हणून इथंही बारीक अक्षरं कामाला येतात. ‘दहाला फाटकाशी’ लिहिलेलं असेल तर कोण आलं नाही ते सिद्ध होतं, ‘सोयीच्या वेळी’ लिहिलं असेल तर काहीच सिद्ध होत नाही. पोटगी थकली म्हणून भेट बंद, किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद, हा हिशोब कायद्याला मान्य नाही. दोन्ही मुलाची देणी आहेत आणि एक बुडालं म्हणून दुसरं फिटत नाही.

पुण्यातून अमेरिकेला गेलेल्या जोडप्यांच्या बाबतीत अंमलबजावणीचा प्रश्न देशांच्या सीमेवर येऊन थांबतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत सहभागी नाही. विधी आयोगानं 2009 मध्ये सहभागी व्हा म्हटलं, 2016 मध्ये पुन्हा अहवाल दिला. तिकडच्या कोर्टाचा आदेश हाती असूनही, एक पालक मूल घेऊन भारतात आला तर इथलं न्यायालय त्या आदेशाला विचारात घेण्याची एक बाब मानतं आणि हित स्वतः तपासतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये म्हटलं. परदेशी पाठवताना तिथल्या न्यायालयाकडून तसाच आदेश आधी मिळवून घेण्याची, म्हणजे ‘मिरर ऑर्डर’ची युक्ती 2020 मध्ये केनियाच्या एका प्रकरणात वापरली गेली. वर्षभरात मूल नेणाऱ्या पालकानं केलेली फसवणूक उघड झाली आणि सर्वोच्च न्यायालयाला आपलाच आदेश मागे घ्यावा लागला. निव्वळ कागदाची पोच किती, ते यातून दिसतं. त्याच 2020 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयानं मांडलं की मूल दूर देशात असेल तर प्रत्यक्ष भेटीइतकाच नियमित व्हिडिओ कॉलनं संपर्काचा हक्कही महत्त्वाचा आहे.

तीन वर्षांचं मूल तेरा वर्षांचं होतं

ताब्याचा आदेश कधीच अंतिम नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खालचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतात. तीन वर्षांच्या मुलाला छोट्या पण वारंवार भेटी लागतात, कारण पंधरा दिवस त्याला फार लांब वाटतात. आठ वर्षांचं मूल आठवड्याच्या मुक्कामाला मजेत जातं. तेराव्या वर्षी त्याला शनिवारी दोघांपैकी कोणीच नको असतं, फुटबॉल आणि मित्र हवे असतात. बालवाडीत असताना लिहिलेला आदेश दहावीपर्यंत रेटायचा, किंवा दर वेळी नव्यानं अर्ज, नोटीस, उत्तर, तारखा या चक्रात शिरायचं, असे दोनच पर्याय आज बहुतेकांपुढं असतात. पहिली, पाचवी आणि आठवी अशा शाळेच्या टप्प्यांवर आढावा घ्यायचा, आणि त्यासाठी आधी समुपदेशकाकडे एक बैठक घ्यायची, एवढं कलम पहिल्याच आदेशात घालता येतं. विधी आयोगाच्या शिफारशी कायद्यात येईपर्यंत त्यासाठी थांबायचं कारण नाही. न्यायाधीशाला तो अधिकार आजच आहे, आणि संमतीनं घटस्फोट घेणाऱ्या आई-वडिलांना तर वकिलाकडे ती एक ओळ मागायची आहे.